कवडीचे दान आणि भास्कराचार्यांची पाटी

एका कृपणाच्या दारी याचक आला. कृपणाने एक द्रम्म मनात धरला. त्याच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश काढले, त्याचे तीन चतुर्थांश केले, त्याचा पाचवा हिस्सा घेतला, त्याचा सोळावा आणि अखेरीस त्याचा चौथा हिस्सा याचकाच्या हातावर ठेवला. तर त्याने दिले किती?

अपूर्णांकांची धास्ती घेतलेला मुलगा येथेच पाटी खाली ठेवील. पण एकेक पायरी उतरत गेले तर गणित कोठेच अडत नाही. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश. त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे एक चतुर्थांश. त्याचा पाचवा भाग म्हणजे विसावा हिस्सा. विसाव्याचा सोळावा भाग तीनशे विसावा आणि त्याचाही पाव केला की एक हजार दोनशे ऐंशीवा हिस्सा उरतो. आता नाण्यांचे कोष्टक आठवायचे. एका द्रम्माचे १६ पण, एका पणाच्या ४ काकिणी, एका काकिणीच्या २० कवड्या. सोळा चोक चौसष्ट, आणि चौसष्टाला विसाने गुणले की १२८०. एवढ्या खटाटोपानंतर याचकाच्या पदरात पडली ती नेमकी एक कवडी.

हे गणित सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वीचे आहे. ते ‘लीलावती’ या ग्रंथातले असून त्याचे कर्ते भास्कराचार्य. गणिताच्या पुस्तकाने विद्यार्थ्याला हसवावे, ही अपेक्षा आजही कोणी सहसा ठेवत नाही. भास्कराचार्यांनी ती बाराव्या शतकात पुरी केली, आणि तीही छंदोबद्ध संस्कृतात.

भास्कराचार्यांच्या जन्मसालाबद्दल वाद नाही, कारण ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ असे त्याचे चार भाग. आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड, गोत्र शांडिल्य आणि वडील महेश्वर हेच आपले गुरू, असेही ते नोंदवतात. वाद आहे तो गावाचा. विज्जडविड म्हणजे नेमके कोणते, यावर अभ्यासकांनी भरपूर शाई खर्च केली. कोणी विजापूर सुचवले, कोणी सह्याद्रीच्या रांगांतील दुसरी गावे पुढे केली. मात्र या घराण्याच्या सर्वांत ठळक खुणा सापडतात त्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे.

तेथील देवीच्या देवळातील शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात या घराण्याची वंशावळच कोरलेली आहे. त्रिविक्रम, भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळवणारे भास्करभट्ट, पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. आठ-नऊ पिढ्या विद्येवर जगलेले हे घर होते. या घरात मुलाला अंक शिकवणे म्हणजे वडिलोपार्जित शेतीचे बांध दाखवण्यासारखेच असले पाहिजे.

महेश्वर आपल्या मुलाला कसे शिकवीत, हे सांगणारे काही उरलेले नाही. परंतु तो मुलगा पुढे इतरांना कसे शिकवीत असे, हे ‘लीलावती’च्या पानोपानी दिसते. ग्रंथाची सुरुवात होते ती नाणी, वजने, लांबी आणि धान्याची मापे यांच्या कोष्टकांनी. मग अंकांची स्थाने, बेरीज-वजाबाकीपासून घनमुळापर्यंतची आठ परिकर्मे, अपूर्णांक, शून्य, त्रैराशिक, व्याज, भागीदारी, सोन्याचा कस, श्रेढी, क्षेत्रे, खड्डे, विटांचे थर, करवतीने कापायची लाकडे, धान्याच्या राशी, शंकूची सावली. सुमारे पावणेतीनशे श्लोकांत एका गावाचा सारा व्यवहार येऊन बसतो. सोनार, सुतार, सावकार, धान्याचा व्यापारी आणि पंचांगकर्ता या सर्वांना लागणारे गणित या एकाच पोथीत आहे.

मांडणीची रीत ठरलेली. आधी नियम, मग उदाहरण, मग न्यास, म्हणजे दिलेले अंक पाटीवर योग्य जागी मांडून दाखवणे, आणि मग उत्तर. त्या काळी पाटी म्हणजे बहुधा धूळ पसरलेली फळी. बोटाने अंक लिहायचे, काम झाले की पुसायचे. म्हणूनच या गणिताला पाटीगणित आणि धूळकर्म ही नावे पडली. मधल्या पायऱ्या धुळीत होत आणि धुळीतच मिटत. पोथीत राहिले ते नियम आणि उत्तर. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतः गद्यात स्पष्टीकरण लिहिले ते ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी.

गुणाकाराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. हरिणाच्या पाडसासारखे चंचल डोळे असलेल्या एका मुलीला ते विचारतात, १३५ ला १२ ने गुणले तर किती? उत्तर १६२०, हे कोणीही सांगेल. भास्कराचार्यांना उत्तरापेक्षा वाटा दाखवायच्या आहेत. सबंध १२ ने गुणा, हा एक मार्ग. बाराचे ८ आणि ४ असे तुकडे करा. १०८० आणि ५४० येतात, त्यांची बेरीज करा. बारा म्हणजे तीन गुणिले चार, तेव्हा आधी तिप्पट करून ४०५ आणि त्याची चौपट घ्या. एकक आणि दशक वेगळे करा, २७० आणि १३५० मिळवा. नाहीतर बारा ऐवजी विसाने गुणा, २७०० येतील, त्यातून जादा घेतलेल्या आठाचे १०८० वजा करा. पाच वाटांनी गेले तरी मुक्काम एकच. दोन पिढ्यांपूर्वी पावकी-निमकी घोकलेल्या आजोबांना यातली शेवटची युक्ती ओळखीची वाटेल. वाण्याच्या दुकानात तोंडी हिशेब करताना तीच उपयोगी पडे.

त्रैराशिकावर भास्कराचार्यांचे विशेष प्रेम. जसे विश्व ईश्वराने व्यापले आहे तसे सारे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. पद्धत सोपी. प्रमाण, फळ आणि इच्छा अशा तीन राशी. पहिली आणि तिसरी एकाच जातीच्या हव्यात, दुसरी वेगळ्या जातीची. फळाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. निष्काच्या तीन सप्तमांशांत अडीच पल केशर मिळते, तर नऊ निष्कांत किती? अडीच गुणिले नऊ, साडेबावीस. त्यांना तीन सप्तमांशांनी भागायचे, म्हणजे सातांनी गुणून तिनांनी भागायचे. साडेबावीस सत्ते एकशे साडेसत्तावन्न, त्यांचा तिसरा हिस्सा साडेबावन्न. चार कर्षांचा एक पल, म्हणून उत्तर ५२ पल २ कर्ष. अपूर्णांक तीन ठिकाणी आले तरी रीत तसूभरही बदलली नाही. विद्यार्थी राशींच्या जागा चुकतो तेथेच त्याचे गणित चुकते, हे आजच्या शिक्षकांनाही ठाऊक आहे.

अदलाबदलीचे गणित याच घराण्यातले. एका द्रम्माला ३०० आंबे, एका पणाला ३० डाळिंबे. दहा आंबे देऊन किती डाळिंबे घ्यावीत? येथे नाणी वेगवेगळी आहेत, आणि फसगत तेथेच होते. द्रम्माचे सोळा पण केले की ३०० आंब्यांचे १६ पण झाले. दहा आंबे म्हणजे तीनशेचा तिसावा भाग, तेव्हा त्यांची किंमत सोळा पणांचा तिसावा भाग. एका पणाला डाळिंबे ३०. तीस आणि तीस कटले, उरली सोळा डाळिंबे. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला हे तोंडी जमावे, असाच बेत दिसतो.

या उदाहरणांतून त्या काळाचा बाजारही डोकावतो. शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळांवर वर्षाचे किती, असा प्रश्न येतो. उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. हा दर वर्षाला साठ टक्के पडतो आणि उदाहरण म्हणून तो सहज दिला जातो, यात काय ते आले. भागीदारीत ५१, ६८ आणि ८५ भांडवल घालणाऱ्या तिघा व्यापाऱ्यांचे मिळून ३०० झाले, तर वाटे ७५, १०० आणि १२५. आणि एक यात्रेकरू आहे. त्याने जवळच्या धनाचा अर्धा भाग प्रयागला दिला, उरलेल्याचे दोन नवमांश काशीत, त्यातून उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेतल्या जकातीला, आणि मग राहिलेल्याचे सहा दशांश गयेत. ६३ निष्क घेऊन तो घरी परतला. निघाला तेव्हा जवळ किती होते?

भास्कराचार्य येथे इष्टकर्माची रीत वापरतात. मूळ रक्कम एक माना. प्रयागनंतर अर्धी उरली. काशीनंतर तिचे सात नवमांश, जकातीनंतर त्याचे तीन चतुर्थांश, गयेनंतर त्याचे चार दशांश. सारे गुणले की मूळ रकमेचे सात षष्ट्यंश, म्हणजे साठ भागांतले सात. ते जर ६३ आहेत तर एक भाग ९ आणि सबंध रक्कम ५४०. ताळा घेऊन पाहावा. प्रयागला २७०, काशीला ६०, जकात साडेबावन्न, गयेला साडेचौऱ्याण्णव. जकातदाराने काशीतील दानाच्या जवळपास तेवढीच रक्कम उचलली, ही गोष्ट गणित सोडवल्यावरच ध्यानात येते. भास्कराचार्यांनी ती मुद्दाम पेरली की सहज आली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मात्र याच पोथीत वाचकाला खटकावे असेही एक उदाहरण आहे. वय वाढले की किंमत उतरते, अशा वस्तूंसाठी व्यस्त त्रैराशिक वापरावे, हे समजावताना सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती, असे विचारले आहे. उत्तर २५ पूर्णांक तीन पंचमांश. तिच्या पाठोपाठ बैल येतो. गणित बिनचूक आहे आणि तेच अस्वस्थ करणारे आहे. पाडसाच्या डोळ्यांच्या मुलीला प्रेमाने गुणाकार शिकवणाऱ्या ग्रंथात हे उदाहरण काही पानांवर यावे, यात भास्कराचार्यांचा काळ जितका दिसतो तितका दुसऱ्या कशात क्वचितच दिसत असेल. ‘लीलावती’चे गोडवे गाताना हा श्लोक वगळण्याची जी प्रथा आहे, तिने कोणाचेच भले होत नाही.

लीलावती कोण, हा प्रश्न वाचकाच्या ओठांवर आला असेलच. मराठी घरांत सांगितली जाणारी कथा अशी. लीलावती ही आचार्यांची कन्या. तिच्या नशिबी वैधव्य आहे असे पत्रिकेत दिसल्याने त्यांनी एक अचूक मुहूर्त काढला आणि घटिकापात्र पाण्यात सोडले. मुलगी कुतूहलाने वाकून पाहू लागली, तिच्या अंगावरील दागिन्यातला मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. दुःखी कन्येच्या समाधानासाठी पित्याने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. लग्नात घटिकापात्र पाहिलेल्या पिढ्यांना ही कथा खरी वाटली यात नवल नाही. पण ती आढळते ती अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. खुद्द ग्रंथात तिचा मागमूस नाही. पाटणच्या शिलालेखात पुत्र आणि नातू आहेत, कन्या नाही. ग्रंथात बाले म्हणून मुलीला हाक आहे, तशीच सख्याला, गणकाला आणि व्यापाऱ्यालाही आहे. लीलावती हे नाव मुलीचे, पत्नीचे, की लीलेने खेळणाऱ्या विद्येचे, याचा निवाडा आता होणे नाही.

तरीही फैजीची कथा टिकली याला कारण आहे. मुहूर्ताचे गणित बिनचूक करणाऱ्या पुरुषाला एका मोत्याने हरवले, ही कल्पना लोकांना आवडली. शिवाय एका मुलीला गणित शिकवले जात होते, ही गोष्ट तर श्लोकांतच आहे. ती कन्या होती की नव्हती, यामुळे त्यात फरक पडत नाही.

‘लीलावती’च्या पलीकडचे भास्कराचार्य अधिक कठीण आहेत. एखाद्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवला असता पुन्हा वर्गच येईल, अशा संख्या त्यांनी चक्रवाल पद्धतीने काढल्या. त्यांतली लहान संख्या २२,६१,५३,९८० आहे. हाच प्रश्न फ्रान्समधील फर्मा याने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला. शून्याने भागिलेल्या राशीला त्यांनी खहर म्हटले आणि तिच्यात काही मिळवले वा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. मात्र एका उदाहरणात शून्याने गुणून पुढे शून्यानेच भागताना ती दोन्ही शून्ये ते बिनधास्त कापतात आणि १४ हे उत्तर देतात. आजचा शिक्षक त्या पायरीवर लाल रेघ ओढील. मर्यादेची कल्पना त्यांच्या हाताशी येऊन निसटली, असे फार तर म्हणता येईल. त्यापुढे जाऊन सारे कलनशास्त्र त्यांच्या नावावर जमा करण्याचा उत्साह आवरलेला बरा.

‘बीजगणिता’त त्यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. त्रैराशिक हीच पाटी आणि निर्मळ बुद्धी हेच बीज. बुद्धिमंताला अज्ञात असे काही नाही, हे सारे प्रकार मंदबुद्धींसाठी वेगळे करून सांगितले आहेत. नियम पाठ करून पाटी भरणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यांना अनुभव असणार. पण असे म्हणूनही त्यांनी मंदबुद्धींसाठीच आयुष्य वेचले. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे ग्रंथ विस्तृत आहेत म्हणून त्यांचे सार आपण काढले, असे ते सांगतात. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले तेही ग्रहांचे गणित सोप्या रीतीने करता यावे, पंचांगकर्त्याचे श्रम वाचावेत, यासाठीच. यानंतर त्यांच्याविषयी कळत नाही.

ग्रंथाचे नशीब मात्र बलवत्तर निघाले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहून श्लोकांमागच्या उपपत्ती सांगितल्या. धुळीत मिटलेल्या पायऱ्या पुन्हा कागदावर आल्या. १८१६ मध्ये जॉन टेलर याचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुकचे भाषांतर लंडनला निघाले.

पण सर्वांत जवळचा वारसा घरातच होता. लक्ष्मीधराची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाल त्याला आपल्याकडे घेऊन गेला आणि पंडितांमध्ये अग्रस्थान दिले. नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्याच पदरी होता. चाळीसगावजवळच बहाळ येथे शके ११४४ चा त्याचा शिलालेख आहे. चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला देणगी दिली, ती इ. स. १२०७ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या दिवशी. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाचाच मुहूर्त मिळाला.

शिलालेखाचा वंशवर्णनाचा भाग संस्कृतात आहे. देणगीचा तपशील येतो तेथे भाषा बदलते आणि मराठी सुरू होते, ज्ञानेश्वरीच्या त्र्याऐंशी वर्षे आधीची. कारण हा मजकूर पंडितांसाठी नव्हता. तेली, व्यापारी आणि मापारी यांना तो कळायला हवा होता. राजाकडे जाणारे उत्पन्न मठाला द्यावे, गावात जेवढे घाणे चालतात त्या प्रत्येकाने पळीभर तेल द्यावे, आणि येथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. मापणावळीतला अर्धा भाग मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.